वर्ना प्रुएटचे चौदा महिने

आमच्या हॅरोज मिल गावातलं काउंटीचं इस्पितळ बंद झालं, त्या दिवशी वर्ना प्रुएट ड्यूटीवर होती. फेब्रुवारीतला मंगळवार. दुपारी वरचे साहेब आले, सगळ्यांना कॅन्टीनमध्ये उभं केलं आणि शुक्रवारनंतर येऊ नका म्हणून सांगून गेले. बाकीच्या नर्सा रडल्या. वर्ना जिना चढून वर गेली आणि चार नंबरच्या बाळंतिणीचं सलाइन बदललं. सव्वीस वर्षं तिथं काढली होती तिनं, बहुतेक सगळी बाळंतपणाच्या वॉर्डात. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातात पहिल्यांदा रडलेली.

नोकरी शोधणं भाग होतं. दुसरं इस्पितळ सत्तर मैलांवर. नवरा लेलंड लाकडाच्या गिरणीत कमरेतून गेलेला, त्यामुळे घर हलवणं शक्य नव्हतं. बावीस मैलांवर मात्र लष्कराची छावणी होती आणि छावणीत मोठं इस्पितळ. तिथले गणवेशातले डॉक्टर आणि नर्सा दोन-तीन वर्षांत बदलून जातात, म्हणून कायमच्या कामाला मुलकी नर्सा घेतात. वर्नाला वाटलं, आपल्याला तर धावत येऊन नेतील.

हे सगळं मला ठाऊक आहे, कारण मी गावच्या वाचनालयात काम करते. सरकारी अर्ज फक्त इंटरनेटवर भरायचा असतो, आणि वर्नाच्या घरी, खाली दरीत, इंटरनेट पोचतच नाही. ती वाचनालयात आली, खिडकीजवळच्या कॉम्प्युटरसमोर बसली आणि चष्मा पुसून म्हणाली, “चल बाई, अर्ध्या तासाचं काम आहे.”

अर्जात एक्केचाळीस प्रश्न होते. प्रत्येक कामापुढे पाच पर्याय. ‘अ’ म्हणजे अनुभव नाही, ‘इ’ म्हणजे मी यात तज्ज्ञ आहे, इतर लोक माझा सल्ला घेतात. वर्ना सगळीकडे ‘क’ लिहीत सुटली. क म्हणजे देखरेखीखाली केलं आहे.

“अगं, हे काय करतेस?” मी म्हटलं. “हजारभर बाळं बाहेर काढलीस तू!”

“बाहेर त्यांच्या आयांनी काढली. मी हात धुऊन उभी होते.”

“आणि देखरेख कुणाची? तो डॉक्टर तर सगळं उरकल्यावर यायचा.”

“पण यायचा ना? स्वतःच्या तोंडानं मी तज्ज्ञ म्हणू? माझ्या आईनं ऐकलं असतं तर तोंडात साबण कोंबला असता.”

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. ‘आपण सर्वाधिक पात्र उमेदवारांमध्ये आढळला नाहीत.’ वर्नानं ते दोनदा वाचलं.

“सही कुणाची आहे?”

“सही नाही.”

“मग फोन कुणाला करायचा?”

“नंबरही नाही, वर्ना.”

दुसऱ्या अर्जाला नर्सिंग कॉलेजची गुणपत्रिका जोडायची राहिली. कॉलेज मधल्या काळात दुसऱ्या कॉलेजात विलीन झालेलं, नोंद माहेरच्या नावानं. तीन तास गाडी हाकून तिनं ती आणली. पाकिटावर शिक्का होता, ‘उघडल्यास ग्राह्य नाही’. अर्जात लिहिलं होतं, स्कॅन करून जोडा. ती पाकीट हातात धरून माझ्या टेबलापाशी उभी राहिली. “उघडू की नको, ते तूच सांग. माझं डोकं चालेनासं झालंय.” मी कात्रीनं उघडलं. तोवर जागा भरली होती.

तिसरी जाहिरात शुक्रवारी संध्याकाळी निघाली. पहिले पन्नास अर्ज आले की बंद. शनिवार-रविवार वाचनालय बंद असतं. सोमवारी मी कुलूप काढलं तेव्हा वर्ना पायरीवर बसलेली होती, आणि जाहिरात कधीच संपलेली होती.

या काळात ती वृद्धाश्रमात आठवड्याचे तीन दिवस म्हाताऱ्यांना आंघोळ घालत होती. त्या कामाची तिला लाज नव्हती. पण ती चिडकी होत चालली होती. चर्चच्या जेवणात कुणी “काही कळलं का गं?” म्हणून विचारलं, की ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जायची. लोकांनी विचारणं सोडलं, तेही तिला खुपलं.

जूनमध्ये ती सरळ छावणीच्या फाटकावर गेली. तिथल्या कोवळ्या शिपायानं अदबीनं सांगितलं, “मॅम, अर्ज ऑनलाइन असतो.” ती म्हणाली, “बाळा, ऑनलाइनला तोंड असतं तर मी इथं आले नसते.” फोटो, बोटांचे ठसे, गाडीची झडती, मग दिवसभराचा पास. नेमणुकीच्या खिडकीतली बाई तर तिच्याहून हताश होती. “आम्हालाच नर्सा हव्यात हो. दोन वॉर्ड अर्धे रिकामे आहेत. पण निवडयादी दुसऱ्या राज्यातून येते. त्यात तुमचं नावच नसेल, तर मी काय करू?”

वर्ना बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिली, तेवढ्यात मागून कुणीतरी मिठीच मारली. “मिस वर्ना!” ती टॅमरा होती. काउंटीच्या इस्पितळात वर्नाच्या हाताखाली तयार झालेली. नवरा फौजेत, म्हणून तिला इथं प्राधान्य मिळालेलं. सगळं ऐकून टॅमरानं कपाळावर हात मारला.

“तुम्ही ‘क’ लिहिलंत? अहो, माणूस वाचतच नाही ते! मशीन गुण मोजतं. सगळीकडे ‘इ’ लिहायचं.”

“म्हणजे खोटं लिहायचं?”

“खोटं? नाळ मानेभोवती अडकली तर काय करायचं, ते मला कुणी शिकवलं? मीसुद्धा ‘इ’ लिहिलंय, मिस वर्ना. मग तुम्ही कोण झालात?”

वर्ना तडक वाचनालयात आली आणि पर्स माझ्या टेबलावर आपटली. “त्या पोरीला मी सुई धरायला शिकवलं! ती तज्ज्ञ, आणि मी देखरेखीखाली!” टॅमरावर राग नव्हता तिचा. कुणावर काढावा, तेच कळत नव्हतं.

पुढची जाहिरात निघाली तेव्हा आम्ही दोघी शेजारी बसलो. प्रत्येक प्रश्नाला ती दात-ओठ खात ‘इ’ दाबायची. वर गेलेल्या आपल्या आईची माफी मागितल्यासारखी मध्येच वर बघायची. चाळीस झाले. शेवटचा प्रश्न होता, स्फोटात जखमी झालेल्या सैनिकाची शुश्रूषा. तिनं हात मागे घेतला.

“हे नाही केलेलं मी.”

“एकच तर आहे, दाब ना.”

“केलेलं नाही म्हणजे नाही,” म्हणून तिनं ‘अ’ दाबलं.

या खेपेस यादीत नाव आलं. ऑगस्टमध्ये फोनवर मुलाखत. तिघं जण पाळीपाळीनं कागदावरचे प्रश्न वाचत होते आणि उत्तरावर हूं की चूं करायची त्यांना परवानगी नव्हती. “भिंतीशी बोलल्यासारखं,” ती म्हणाली. तरी सप्टेंबरमध्ये तात्पुरतं होकाराचं पत्र आलं. लेलंडनं पीचच्या फोडींचा केक आणला, मीही एक तुकडा खाल्ला.

मग तपासण्या. गेल्या दहा वर्षांत कुठं कुठं राहिलात? त्याच घरात. साक्षीदार कोण? मी. एका माणसानं येऊन मला विचारलं, ही बाई सरकारविरुद्ध काही बोलते का? मी खरं तेच सांगितलं, “अर्ज भरताना बोलते.” तो हसला नाही.

ऑक्टोबरात दुसरं पत्र. सर्व नेमणुका पुढील आदेशापर्यंत स्थगित.

“एकदाच नाही म्हणा ना!” वर्ना ओरडली. वाचनालयात इतक्या मोठ्यानं आजवर कुणी बोललं नव्हतं. “नाही म्हटलं की माणूस रडून मोकळा होतो. हे ‘थांबा’ काय असतं?”

लेलंड म्हणायचा, “हे लढाईलाही असेच निघत असतील, तर शत्रू म्हातारपणानंच मरत असेल.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती हसली. जानेवारीपर्यंत त्यानं ते बोलणं बंद केलं.

एप्रिलमध्ये स्थगिती उठली. चौदा महिने झाले होते. जागा मिळाली, पण बाळंतपणाच्या वॉर्डात नाही. नव्या रंगरुटांना लस टोचण्याच्या विभागात. सकाळी सातला रांग लागते, शंभर-दीडशे दंड. पोरं अदबशीर, प्रत्येक जण ‘थँक यू, मॅम’ म्हणतो आणि दहा आठवड्यांत निघून जातो. “चेहरे बघायचं सोडलंय मी,” ती मला म्हणाली. “नुसते दंड बघते.” तरी तिनं एक दिवसही चुकवला नाही.

ऑगस्टमध्ये बेकरीवाल्या हचिसनांची सून सत्तर मैलांवरच्या इस्पितळाकडे निघाली आणि वाटेतच, पेट्रोल पंपाच्या आवारात, गाडीत बाळंत झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. वर्नाला चर्चमध्ये कळलं. माझ्याकडे आली, ती उभीच राहिली.

“त्या पंपापासून नऊ मैलांवर होते गं मी. फक्त नऊ मैल. आणि काय करत होते, तर सुया टोचत होते.” मग म्हणाली, “आपल्या गावात विचारतात मला, वर्ना, तुझ्या इस्पितळात आमची सोय होईल का? फौजेचं कुणी नसेल तर दारात उभं करत नाहीत, हे किती जणांना सांगू?”

वॉर्डातल्या बदलीसाठी तिनं अर्ज केलाय. उत्तर नाही. मधल्या काळात, दर दुसऱ्या रविवारी, चर्चच्या तळघरात ती नवऱ्यांना शिकवते. बायकांना नाही, नवऱ्यांना. गाडी कडेला घ्यायची, हीटर लावायचा, बाळाला ओढायचं नाही, नाळ कापायची नाही, बाळ आईच्या छातीवर ठेवून टॉवेलनं झाकायचं. पहिल्या दिवशी सात जण आले. एकाच्या हातातून सरावाची बाहुली खाली पडली, तर वर्नानं त्याला असं झापलं की तो टोपी काढून उभा राहिला.

शेवटी त्यातलाच एक जण भीतभीत म्हणाला, “मिस वर्ना, त्यापेक्षा तुम्हीच आमच्याबरोबर गाडीत का नाही बसत?”

“ड्यूटी असते रे मला,” ती म्हणाली आणि टॉवेलांच्या घड्या घालू लागली.