मातीसकट वजन

“धर. छातीशी धर. फोटोत दोन्ही झाडं दिसली पाहिजेत.”

फौजदारानं माझ्या हळदीतली गांजाची दोन झाडं मुळासकट उपटून माझ्या हातात दिली. हळदीला आदल्याच दिवशी पाणी दिलेलं. मुळांना चिखलाची ढेकळं लोंबत होती, लुगड्यावर गळत होती. छातीशी धर म्हणे. माझी डावी छाती दवाखान्यात काढून टाकली त्याला वर्ष झालं होतं. पदर सरकला तसा एक शिपाई हसला. सारा तांडा बांधावर उभा. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी धरली मी झाडं. सांगितलं ते करायची सवय.

मग वजन. काटा मालकांच्या शेडातून आणला. मालक म्हणजे शेजारचे मोठे जमीनदार. तांड्याची ओली हळद तेच घेतात आणि आपल्या कुकरात शिजवतात. घेताना मातीचा कडता कापतात, म्हणजे हळदीला चिकटलेल्या मातीचं वजन वजा करतात. धुऊन नेली तरी कापतात. त्या दिवशी पंचही तेच होते.

मी म्हणाले, “साहेब, माती तर झाडा.”

फौजदारानं मालकांकडे बघितलं. मालक म्हणाले, “काहून झाडायची? मातीसकट बराबर हाय. लिवा.”

तीन किलोच्या वर भरलं. पाला पावशेरही नसेल.

हेच मालक दोन वर्षांमागं माझ्या दारात आले होते. त्यांच्या आईची हाडं ठणकायची. “बाई, थोडा पाला दे, म्हातारी वरडून राहिली.” आमच्याकडे एखादं झाड कायम असायचं. बापजादे बैलांवर ओझी वाहायचे. बैलाचं पोट फुगलं की हाच पाला गुळात घालून चारायचे. मी ओंजळभर दिला. म्हातारी शांत झोपली, म्हणून मालकांनी मला साडी नेसवली होती. ती साडी मी अजून नेसते, आता राग येतो तरी.

पुढं माझंच दुखणं निघालं. इंजेक्शनांनी घोटभर पाणी टिकेना. दवाखान्याच्या गोळ्या संपल्या की हाडात कुणी खिळे ठोकतंय असं वाटायचं. चिमूटभर पाला गुळात खाल्ला की अर्धी भाकरी पोटात राहायची. बैलाचं औषध बाईनं खाल्लं, एवढाच माझा गुन्हा.

सव्वा महिना जेलात काढला. तिथं मी भिंतीला डोकं लावून कण्हायचे. बाकीच्या बायका म्हणायच्या, नशा उतरून राहिली हिची.

जामीन झाला, पण सुटले कुठं? दर सोमवारी ठाण्यात हजेरी. महिन्याला हिंगोलीत तारीख. दुखणं आहे तिथंच आहे आणि औषधाला हात लावायची चोरी. सरकारनं दिलेला वकील म्हणाला, “मावशी, कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. मुळं न्हाई, माती न्हाई. पण वजन पंचनाम्यात लिवलंय, अन् वजनावर सजा वाढते. कबूल करून टाका, दया मागू.”

नवरा पण तेच म्हणाला. “पंच मालकच हाय. त्याच्याशी वैर धरलं तर हळद कुठं नेशील?”

इकडे आड, तिकडे विहीर. तारखेच्या आदल्या दिवशी मी कबूल करायचंच ठरवलं होतं. खरं सांगते, ठरवलं होतं.

जजसाहेबांनी विचारलं, “गुन्हा कबूल आहे?”

टेबलावरचा माझा फोटो मला दिसला. चिखल, लुगडं, सपाट बाजू. डोकं फिरलं.

“झाडं माझी हायत, साहेब. पाला मीच खाल्ला, दुखलं म्हणून. पर तीन किलो माझं न्हाई. आमच्या हळदीत मातीचा कडता कापतेत. मग माझ्या सजेत काहून न्हाई कापत?”

वकिलानं कोपर मारलं. कुणीतरी हसलं. या वेळी मी मान खाली घातली नाही. जजसाहेबांनी लिहून घेतलं, गुन्हा नाकबूल.

नवरा तेव्हापासून बोलत नाही. दुखणं वाढलंय. हळद काढायला आलीय, पण ती त्या काट्यावर जाणार नाही. तांड्यातच कढईत शिजवीन, वाळवीन, वसमतच्या बाजारात नेईन. पुढच्या तारखेला साहेबांना एकच सांगणार आहे. माझ्या डोळ्यांदेखत माती झाडा, मग तोला. जितका पाला भरेल तितकी जेल द्या, जाईन. चिखलाची जेल मी भोगणार नाही.