टेबलाखालची बॅटरी

उस्तादला त्याची चूक दाखवायची नाही, एवढा एकच नियम त्या गॅरेजात सगळे जण कडकडीत पाळत. हातमोजे घाला, विडी ओढू नका वगैरे पाट्या भिंतीवर होत्या, पण त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. हा न लिहिलेला नियम मोडला, की मात्र उस्तादच्या हातात असेल ते अंगावर यायचं. आणि गॅरेजच ते, त्याच्या हातात असायचं ते बहुधा लोखंडाचंच.

म्हणून कॅमेरे बसवणारा माणूस कॉम्प्युटर घेऊन आला आणि उस्तादने टेबलाखालच्या काळ्या पेटीला बुटाने ढोसत "ही याची बॅटरी ना?" असं विचारलं, तेव्हा तो माणूस "नाही" म्हणायला तोंड उघडतोय तोच मागून म्हाताऱ्या पेंटरने त्याला डोळ्यांनी दटावलं. त्याने तोंड मिटलं. उस्तादच्या डोक्यात हिशेब सरळ होता. पेटीत पंखा घरघरतो, पेटी गरम होते, पेटीतून वायर भिंतीकडे जाते, म्हणजे ती बॅटरी. ज्याच्यात चित्र दिसतं, तो कॉम्प्युटर. त्या दिवसापासून अख्खं गॅरेज त्या पेटीला बॅटरी म्हणू लागलं. जीव सगळ्यांनाच प्यारा असतो.

आधी कॉम्प्युटरवर एक कारकून बसायचा. एकदा उस्तादने त्याला गाडीचा नंबर चुकीचा सांगितला आणि त्या शहाण्याने तो गिऱ्हाइकासमोर दुरुस्त केला. गिऱ्हाईक गेल्यावर उस्तादने त्याची मान धरून तोंड टेबलावर आपटलं. कारकून नाकाला रुमाल लावून गेला तो परत आला नाही. त्याचं रक्त कीबोर्डच्या फटींत गेलं होतं. उस्तादची बायको ओल्या फडक्याने ते पुसायला बसली. तिला सगळे वहिनी म्हणत. खुद्द उस्ताद म्हणायचा "ए".

"ए, पुसतेच आहेस तर बस तिथेच उद्यापासून," तो म्हणाला. वहिनींची नेमणूक झाली ती अशी.

सुरुवातीला त्या माऊस असा धरायच्या, जणू तो चावणार आहे. शेजारच्या गल्लीत कॉम्प्युटरचे क्लास घेणारी एक बाई होती. तिची गाडी बसने घासली, दार बदलायचं होतं, म्हणून ती ऑफिसात वाट बघत बसली होती. वहिनींची तारांबळ बघून तिला राहवलं नाही.

"घाबरता काय एवढं? चुकीचं बटण दाबल्याने काही फुटत नाही."

"कॉम्प्युटर नाही फुटत हो," वहिनी म्हणाल्या, "मी फुटते."

क्लासवाली हसली. मग वहिनींच्या दंडावरचे वळ दिसले आणि ती हसायची थांबली. दार बदलून झालं तरी ती येत राहिली, कधी हॉर्न वाजत नाही म्हणून, कधी काच खाली होत नाही म्हणून. गाडी ठणठणीत होती.

वहिनी शिकल्या, पण त्यांचं शिक्षण मार खातच झालं. एकदा कॉम्प्युटर स्वतःच स्वतःची डागडुजी करत होता. पडद्यावर चक्र फिरत होतं, खाली लिहिलं होतं, बंद करू नका. उस्तादला बिल हवं होतं. "हा मला सांगणार काय करू नको ते?" असं म्हणून त्याने वायर उपटली. मग कॉम्प्युटर सुरूच होईना, नुसता काळा पडदा. त्याची थप्पड वहिनींच्या कानशिलावर बसली. क्लासवालीने पेनड्राइव्ह आणला, त्यावरून मशीन सुरू करून दाखवलं, बिघडलेली सिस्टीम कशी नीट करायची, फायली आधी कशा वाचवायच्या, ते शिकवलं. वहिनींच्या एका कानात शिट्टी वाजत होती, म्हणून त्या दुसरा कान पुढे करून ऐकत होत्या. पुढच्या वेळी उस्तादने वायर उपटली तेव्हा त्यांनी मशीन स्वतःच उभं केलं. मार तेव्हाही पडला, पण तो उशीर झाला म्हणून.

एक दिवस क्लासवालीने खात्यांचं सांगितलं. एकाच कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या माणसांची वेगवेगळी खाती असतात. एक खातं मालकाचं, अ‍ॅडमिनचं. काय बसवायचं, काय काढायचं, कुणी काय बघायचं, ते तो ठरवतो. बाकीची साधी. त्यांनी आपल्यापुरतं वापरायचं.

"तुमच्याकडे अ‍ॅडमिन कुणाला करायचं?"

वहिनींना हसू फुटलं. किती दिवसांनी, त्यांनाच आठवेना. "त्यांना कशाला त्रास," त्या म्हणाल्या.

उस्तादचं खातं त्यांनी झक्क करून दिलं. पासवर्ड नाही, नावावर क्लिक केलं की उघडतं, मोठ्ठाली चित्रं, एकावर कॅमेरे, एकावर पत्त्यांचा डाव. उस्ताद खूश झाला. अ‍ॅडमिन वहिनी झाल्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या मालकीची अशी एक जागा झाली, जिथे नवऱ्याला शिरता येत नव्हतं. तिथे ठेवायला मात्र त्यांच्याजवळ काही नव्हतं.

ते वेल्डरने दिलं. बिचारा गरीब माणूस, बायकोच्या धाकात राहणारा, घरून आणलेल्या डब्यातला पहिला घास पेंटरला देणारा. एका गाडीचा सांधा वाकडा बसला म्हणून तिचा मालक तणतणत आला. उस्ताद वेल्डरवर ओरडला. वेल्डर सहज, अगदी सहज बोलून गेला, "उस्ताद, माप तुम्हीच दिलं होतं."

उस्तादच्या हातात जॅकचा दांडा होता. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा डोक्यावर. वेल्डर पडला. पडल्यावरही उस्ताद थांबला नाही. पाठीवर, बरगड्यांवर, पुन्हा डोक्यावर. गाडीचा मालक पळाला. पोरं भिंतीला चिकटून उभी राहिली. वहिनी ऑफिसच्या दारात तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. दांडा हाडावर पडल्याचा आवाज पत्र्यावरच्या आवाजाहून वेगळा असतो, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

मग उस्तादने दांडा टाकला, कपाळ पुसलं आणि सगळ्यांकडे बघत म्हणाला, "जॅक सरकला. गाडी याच्या अंगावर आली. याने खाली ठोकळा लावला नव्हता. बरोबर?"

सगळ्यांच्या माना हलल्या.

तो वेल्डरला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. तेवढ्या वेळात वहिनींनी त्या दिवसाचं कॅमेऱ्यातलं चित्रण आपल्या खात्यात उतरवून घेतलं. हे पकडलं गेलं तर वेल्डरशेजारी आपली खाट पडेल, किंवा खाटेचीही गरज उरणार नाही, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. आणि हे नाही केलं, तर वेल्डरवर ही पाळी त्याच्याच हलगर्जीने आली असं त्याच्या बायकोला जन्मभर ऐकावं लागेल.

उस्ताद परतला आणि त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. "कॅमेऱ्यातलं पूस." त्यांनी त्याच्या डोळ्यांदेखत पुसलं. त्याने त्यांच्या डोक्यावर थोपटलं, कुत्र्याला थोपटतात तसं.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला सांगितलं, की पुसलेलं कॉम्प्युटरातून परत काढता येतं. तो तडक ऑफिसात आला. वहिनींनी पडद्यावरची कचरापेटी उघडून दाखवली. रिकामी होती.

"आणखी कुठे ठेवलंस?"

"कुठेच नाही."

त्याने त्यांचा उजवा हात धरला, हत्यारांच्या कपाटाचा लोखंडी खण ओढला, बोटं त्यात घातली आणि खण लाथेने बंद केला. वहिनी किंचाळल्या. बाहेरचं ठोकाठोकीचं काम थांबलं. मग उस्ताद बाहेर डोकावला आणि ते पुन्हा सुरू झालं.

"कुठे ठेवलंस?"

"देवाशपथ, कुठेच नाही हो!" देवाची खोटी शपथ त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच घेतली, आणि ती घेताना जीभ जराही अडखळली नाही.

उस्तादचा विश्वास बसला नाही. पण त्याच्याकडे खात्रीचा उपाय होता. त्याने मोठा हातोडा आणला आणि पडद्यावर घातला. काच फुटली. घालतच राहिला. पडदा टेबलावरून खाली पडला, तेव्हा बुटाने तुडवला, आतलं हिरवं पान बाहेर आलं ते दोन हातांनी मोडलं. सगळा चुरा पत्र्याच्या डब्यात भरून त्याने भंगारात फेकला.

"काढा म्हणावं आता याच्यातून!" त्याला धाप लागली होती. टेबलाखाली पंखा घरघरत होता. जाता जाता त्याने तिकडे बोट दाखवलं. "आणि ती बॅटरी बंद कर. फुकट वीज जळतेय."

वहिनींनी पेटी बंद केली.

उस्ताद वेल्डरच्या बायकोला धीर द्यायला दवाखान्यात गेला. सोबत फळंही घेतली त्याने. वहिनींनी डाव्या हाताने वायरी सोडवल्या आणि पेटी एका चादरीत गुंडाळली. उचलायला जाताच मोडलेल्या बोटांतून कळ आली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. पेंटर दारात येऊन उभा होता.

"वहिनी, बॅटरी कुठे निघाली?"

"चार्ज करायला."

पेंटरने मागे वळून पाहिलं. मग पेटी उचलली, रिक्षापर्यंत नेली आणि त्यांच्या मांडीवर अलगद ठेवली. "सांभाळून न्या," एवढंच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

पोलीस ठाण्यात टेबलामागे एक बाई होत्या. त्यांनी पेटीआधी हात पाहिला. बोटं काळीनिळी होऊन सुजली होती.

"हे काय झालं?"

"दारात सापडली," वहिनी म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ते आपलं आपणच बाहेर पडलं.

ठाण्यातला पडदा पेटीला जोडला. दोन नावं आली. वहिनींनी आपल्या नावावर जाऊन डाव्या हाताने पासवर्ड टाकला. एकदा चुकला, दुसऱ्यांदा बरोबर आला. चित्रण सुरू झालं. त्यात आवाज नव्हता. दांडा वर जात होता आणि खाली येत होता. शेजारी उभा असलेला शिपाई पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेला. पोलीस बाई शेवटपर्यंत बघत राहिल्या. मग त्यांनी कागद ओढला आणि वहिनींनी सगळं सांगितलं, माप कुणी दिलं होतं इथपासून, काही न लपवता, न रडता.

लिहून झालं. बाईंनी कागद फिरवून पुढे ठेवला. "वेल्डरच्या केसचं काम होईल यावर. इथे सही करा. उजव्याने जमत नसेल तर डाव्याने."

वहिनींनी पेन हातात घेतलं. पडद्यावर चित्रण शेवटच्या जागी थांबलं होतं. खाली वेल्डर पडला होता आणि दारात एक बाई तोंड गच्च दाबून उभी होती. वहिनी त्या बाईकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, आणखी एक कागद घ्या," त्या म्हणाल्या. "बोटं दारात नाही सापडली."