आईच्या सहीसाठी पेन

आमच्या अवसरीतल्या महिला बचत गटात अंगठा चालत नसे. तो नियम आईनेच केला होता. ती गटाची अध्यक्ष. वयाच्या बावन्नाव्या वर्षी साक्षरता वर्गात जाऊन ती स्वतःचं नाव लिहायला शिकली आणि मग गटातल्या बायकांना घेऊन बसली. "अंगठा भाकरी थापायला. कागदावर नाव लिवायचं." दोघींना शेवटपर्यंत जमलं नाही. त्यांना गट सोडावा लागला. मला ते कडक वाटलं होतं.

दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी आईचा उजवा हात थरथरू लागला. गोळ्यांनी फरक पडला तो थोडाच. गटाचं इतिवृत्त मी लिहीत असे, म्हणून सह्या माझ्यासमोरच व्हायच्या. एका बैठकीत आईला चार अक्षरांना सहा मिनिटं लागली आणि शेवटचं अक्षर रकान्याबाहेर गेलं. गट सोडून गेलेल्या एकीची जाऊ समोरच बसली होती. ती म्हणाली, "अध्यक्षबाई, शाईचा पॅड आणून ठिवू का?" बायका हसल्या. आईही हसली.

घरी मात्र तिने सांगून टाकलं, "अंगठा लावायची येळ आली तर मी गटात ऱ्हाणार न्हाई." महिन्यातली बैठकीची तीच एक दुपार ती इस्त्रीचं पातळ नेसून घराबाहेर पडायची.

मी मंचरला शेतीपंपाच्या दुकानात कामाला होतो. सुट्या भागांसाठी महिन्यातून दोनदा पुण्याला जावं लागे. खुरपं धरताना आईचा हात कमी हलतो, हे माझ्या लक्षात आलं होतं. खुरप्याची मूठ मी दुकानातल्या व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या मापाने, मोजली. अठ्ठावीस मिलिमीटर भरली. साधं बॉलपेन नऊ. म्हणजे पेन जाड हवं, वजनदार हवं, असा माझा हिशेब. व्हर्नियर पिशवीत टाकून मी अप्पा बळवंत चौकातली दुकानं पालथी घालू लागलो. पाच खेपांत नऊ दुकानं झाली. बारा मिलिमीटर, तेरा, एक परदेशी शाईपेन साडेचौदा. प्रत्येक पेनाची जाडी आणि अंदाजाने वजन डायरीत टिपून घेतलं.

एका दुकानात काउंटरवरचे गृहस्थ बराच वेळ बघत होते. "साहेब, तराजू पण देऊ का?"

"जाड पेन पाहिजे."

"कोण वापरणार?"

"मीच."

त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला. मी दोन ओळी लिहिल्या. "अक्षर तर छापल्यासारखं आहे तुमचं," ते म्हणाले, "मग हा त्रास कशाला?" नऊही दुकानांत मी 'मीच' हेच उत्तर दिलं होतं. आईला सही येईनाशी झाली आहे, हे अनोळखी माणसापुढे बोलायला जीभ वळत नव्हती. पेनं माझ्या हातात चालायची. मी ती घेऊन यायचो आणि आईच्या हातात ती चालायची नाहीत.

चौथं पेन खाली ठेवून आईने विचारलं, "दुकानदाराला सांगितलंस का, म्हातारीचा हात कापतो म्हणून?"

मी नाही म्हणालो.

"मग त्यो बिचारा काय देनार? लाज वाटली व्हय?"

मी म्हणालो, पुढच्या खेपेला तूच चल. ती म्हणाली, "बैठक परवा हाय."

त्या बैठकीत तिने पेन दोनदा टेकवलं. दुसऱ्यांदा कागद फाटला. शेजारची बाई माझ्याकडे वाकून कुजबुजली, "भाऊ, करून टाका की तुमीच. आई तुमचीच हाय, कोन बघतंय?" मी नकारार्थी मान हलवली. आईने ते ऐकलं होतं. मी हो म्हणावं असं तिला क्षणभर वाटलं असेल का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिने पॅड मागितला आणि अंगठा उमटवला. कुणीच हसलं नाही. पॅडचा टोमणा मारलेली बाईच म्हणाली, "मावशी, ऱ्हावू द्या आता तो नियम. बदलू या."

"आणि त्या दोघींस्नी काय सांगू? माझ्यापायी बदलला म्हनून?" आई माझ्याकडे वळली. "लिव्ह. अध्यक्षबाईंनी गट सोडला."

मी कारण काय लिहू म्हणून विचारलं.

"खरं हाय त्ये."

सही करता येत नसल्याने, असं मी लिहिलं. खाली अकरा सह्या झाल्या. त्या सगळ्या होईपर्यंत आई बसून राहिली. जिची सही तिरकी येत होती तिला म्हणाली, "कागद सरळ धर गं."