काकाने मान वर केली

आमचा काका चष्म्याची भिंगं घासतो. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो मागच्या खोलीत, यंत्रापुढच्या स्टुलावर वीस मिनिटं डोळे मिटून बसतो. अकरा वर्षं झाली. त्याआधी म्हणे तो गिऱ्हाइकांच्या अंगावर धावून जायचा. एकाचा चष्मा तर त्याने रस्त्यात भिरकावला होता. आता हे कुणाला सांगून खरं वाटत नाही. काकू मात्र टोमणा मारल्याशिवाय राहत नाही, "हे डोळे मिटून जगाचं भलं चिंतत बसणार आणि उतू जाणारं दूध मी बघणार." काका हसतो आणि करपलेलं पातेलं घासायला घेतो.

मी घरात सगळ्यांच्या नकला करते. त्या रात्री जेवताना काकाचीच काढली. दुपारी मी दुकानात होते, तेव्हा बस डेपोतला एक ड्रायव्हर आला होता.

"साहेब, नवीन चष्म्याने डोकं धरतं हो. रस्ता तिरका दिसतो," मी ड्रायव्हरच्या घोगऱ्या आवाजात म्हटलं. मग यंत्रावर वाकल्यासारखी वाकले, एक डोळा बारीक केला आणि काका झाले. "च्यार दिवस घाला, सवय होईल."

काकूला ठसका लागला.

"साहेब, दुसऱ्यांदा आलोय."

"होईल, होईल सवय."

काका हसला नाही. "पुन्हा कर," म्हणाला. मी खुशीत पुन्हा केली.

"मी मान वर केली नाही?"

"नाही ना! तीच तर गंमत आहे."

"आणि तो दुसऱ्यांदा आला होता?"

"तुझ्यासमोरच म्हणाला की."

काकाने घास परत ताटात ठेवला.

सकाळी तो स्टुलावर बसला आणि पाच मिनिटांत उठला. "आज इथे बसणं म्हणजे पळून जाणं," म्हणाला. काकू दारात आडवी आली. "अख्ख्या डेपोचे चष्मे आपल्याकडे येतात. चारचौघांत चूक कबूल केलीत तर उद्या एक तरी येईल का?"

"नाही येणार बहुतेक," काका म्हणाला आणि चपला घातल्या. मला सुट्टी होती. मी मागे लागले.

डेपोत ड्रायव्हर नळी घेऊन बस धूत होता. परवा त्याची गाडी फाटकाच्या खांबाला घासली होती, म्हणून त्याला गाडीवरून उतरवलं होतं. आज चार वाजता डोळ्यांची तपासणी. नापास झाला तर ड्रायव्हरची नोकरी संपली.

काकाने त्याचा चष्मा हातभर लांब धरला, एकेका भिंगातून भिंतीची कड बघितली.

"उजवं भिंग डावीकडे बसवलंय मी. डोळे ठीक आहेत तुमचे."

नळी खाली पडली. "घरी सांगून बसलोय मी, डोळे गेले म्हणून! बायको दोन दिवस रडतेय! आणि तुम्ही काय म्हणालात? च्यार दिवस घाला!" त्याने काकाची नक्कल माझ्याहून सरस केली. चार मेकॅनिक गोळा झाले. पाणी काकाच्या चपलांवरून वाहत होतं.

माझ्या ओळखीचं दुसरं कुणीही असतं तर आता 'पण' म्हणालं असतं. मी त्या 'पण'ची वाट बघत होते. तो आलाच नाही. काका ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघत उभा होता, जणू तो बोलतोय त्याहून महत्त्वाचं जगात काही नाही.

"न बघता बोललो मी," एवढंच तो शेवटी म्हणाला.

डेपो मॅनेजर बाहेर आले. "हे लिहून द्याल?"

"न बघता बोललो ते लिहूनच आणलंय. भिंगाचं आत्ता खाली लिहितो."

"तुमचं इथलं काम बंद करावं लागेल, कळतंय ना?"

"कळतंय. तपासणी तेवढी नव्या चष्म्यावर घ्या. तीनपर्यंत देतो."

ड्रायव्हर दुकानात येऊन यंत्राशेजारी बसला. काकाने विचारलं, "डोकं कुठे धरायचं, पुढे की मागे?" तो पुढे-मागे सांगता सांगता खांबाचं बोलला, मग बायकोचं, मग लहानपणी बसमागे पळायचा ते. तो तोंड उघडायचा की काका यंत्र बंद करायचा. मान वर. ऐकून झालं की पुन्हा चालू. एवढ्या वेळा बंद-चालू की मला घड्याळाची धडकी भरली. तीनला पाच कमी असताना चष्मा तयार झाला.

डेपोच्या माडीवर, तपासणीच्या खोलीबाहेर काका बाकावर बसला. डोळे मिटले नव्हते. दाराकडेच बघत होता.

ड्रायव्हर बाहेर आला. "शेवटची ओळसुद्धा वाचली." मग थबकला. "तुमच्यावरचा राग गेलेला नाही माझा."

"असू दे," काका म्हणाला. "उद्यापासून गाडीवर?"

"उद्या कशाला? सव्वापाचची माझीच आहे!" आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत तो पळत सुटला.