आंग तापलं, बाप्पा

इंजिन सुरू झालं की ते त्याच्या अंगाला हाताची पाठ लावून बघायचे, आजारी पोराच्या कपाळाला लावतात तशी. मग म्हणायचे, "आंग तापलं, बाप्पा. निंगा आता."

वर्ध्याहून रविवारी सुटणाऱ्या आमच्या पर्यटन गाडीत तुम्ही बसला असाल, तर त्यांना नक्की पाहिलं असेल. आयुष्यभर डिझेल इंजिनं चालवून निवृत्त झालेला हा माणूस, ते जुनं इंजिन शिकवायला तरुण ड्रायव्हरशेजारी उभा असायचा. मी डब्यात माइक धरून माहिती सांगतो. लोकांचं लक्ष मात्र खिडकीबाहेरच्या कपाशीवर आणि हातातल्या गोरसपाकाच्या बिस्किटांवर.

मला ते पोपट म्हणत. "पोपटा, लोकायले सांग, इंजिन म्हातारं नाई, अनुभवी हाय."

एकदा इंजिन बंद असताना मी चहा घेऊन वर चढलो. मागून तीन हाका मारल्या, ते वळले नाहीत. खांद्याला हात लावला तर दचकले. मला काय कळलं, ते त्यांनी माझ्या चेहऱ्यावर वाचलं.

"कोणाले सांगू नको जी. मले घरी बसवतीन."

मी गप्प बसलो. चुकलंच माझं. पण तो चेहरा पाहून तुम्हीही गप्प बसला असता.

इंजिनात एक रिवाज आहे. सिग्नल दिसला की एकाने त्याचा रंग मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने स्वतः बघून तोच पुन्हा म्हणायचा. एका रविवारी ड्रायव्हर ओरडला, "पिवळा!" ते न ऐकता, न बघता सवयीने म्हणाले, "हिरवा!"

ड्रायव्हरने वेग कमी केला, गाडी नीट स्टेशनात लागली. कोणाला पत्ताही लागला नसता. पण त्यांनी त्याला विचारलं, "काय म्हनलं होतं तू?" उत्तर त्याच्या ओठांवरून वाचलं आणि जेवणाच्या डब्याची पिशवी उचलली.

ड्रायव्हरकडून कळताच मी धावत गेलो. "अहो, पण काही झालं नाही ना!"

"झालं नाई म्हणूनच उतरून राह्यलो."

उतरताना त्यांनी इंजिनाला हात लावला नाही. मला फार वाईट वाटलं.

आता ते दर रविवारी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघे गावातल्या घरून चालत रेल्वे फाटकावर येतात. ड्रायव्हर लांबलचक हॉर्न देतो. तो त्यांना ऐकू जात नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. ते फाटकाच्या लोखंडी दांड्याला हाताची पाठ लावून उभे असतात. गाडी जवळ आली की दांडा थरथरतो.

परवा खिडकीतून त्यांचे ओठ हलताना दिसले. आवाज पोचला नाही, तरी मला शब्द न् शब्द ऐकू आला. "आंग तापलं, बाप्पा. निंगा आता."