म्हैस, काहील आणि सुमनची बाज

नदीकाठच्या घरात दोन गोष्टी न बोलावता येतात आणि साचून राहतात. एक गाळ आणि दुसरे किस्से. गाळ निदान पूर ओसरला की खराट्याने लोटून काढता येतो. किस्से मात्र कोपऱ्यात बसून राहतात आणि हळदीकुंकवाला चार बायका जमल्या की आपसूक बाहेर पडतात. आमच्या गावाने नवी नाव निवडली, त्या वर्षीचे किस्से तर मी इतक्यांदा सांगितलेत की आमच्या भजनी मंडळातल्या बायका आता माझ्या आधीच हसतात!

आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठी. तिकडे महाबळेश्वरला पाऊस लागला, धरणाचं पाणी सुटलं, की इकडे आमच्या घाटाच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होतात. पलीकडच्या काठावर माझ्या थोरल्या नणंदेचा, आक्कांचा मळा. मळ्याच्या पाठीमागून ओढा. पूर आला की पुढे नदी, मागे ओढा आणि मध्ये आक्का! पूरसुद्धा जरा बिचकूनच वागायचा.

*

गावाची जुनी नाव इतकी म्हातारी झाली होती, की एकाने वल्हवायचं आणि दुसऱ्याने पाणी उपसायचं. माझ्या सोळा सोमवारांच्या उद्यापनाला आक्का पुरणपोळ्या घेऊन निघाल्या. नदीच्या मधोमध पाणी घोट्याला लागलं. उपसायचा डबा कधीच वाहून गेला होता. आक्कांनी काय करावं? पोळ्या बांधल्या पदरात, आणि पोळ्यांच्या डब्याने पाणी उपसत उपसत काठाला लागल्या.

मी दारात पाय धुवायला पाणी घेऊन उभी. आक्कांनी डबाभर गढूळ पाणी माझ्याच हातात दिलं आणि म्हणाल्या, "धर इंदू! एवढं सोमवार केलंस, म्हनून कृष्णामाईच घेऊन आले उद्यापनाला!"

*

त्याच वर्षी कार्तिकात आक्कांच्या सुनेला, सुमनला, दिवस राहिले. लग्नाला बरीच वर्षं झालेली. आधी दोनदा आशा लागून मोडलेली. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं, "नववा लागेपर्यंत पडून राहायचं, जागचं हलायचं नाही. गाडीचे धक्के अजिबात नकोत. नववा लागला की दवाखान्याजवळ आणा, बाळंतपण घरी करायचं नाही."

मळ्यातून बाहेर पडायचा गाडीरस्ता म्हणजे ओढ्याच्या दगडधोंड्यांतून ट्रॅक्टर. म्हणजे तो बाद. उरली नदी. आणि नववा लागणार ऐन आषाढात, नदी दुथडी भरलेली असताना!

आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन आलेले, पूल बांधणाऱ्या पलटणीत आयुष्य गेलेलं. पंचायतीने नवी नाव बघायचं काम ह्यांच्यावरच सोपवलं होतं, आणि जोडीला दिला होता आमचा नावाडी गणपा. आक्कांनी ह्यांना समोर बसवलं.

"सुभेदार, फौजेत लय पूल बांधलास. आता बहिनीला एक नाव बघून दे. सून बाजंवर निजून आली पायजे, आन् अंगावरचं पांघरूण हललं न्हाई पायजे."

"आक्का, पुराच्या पाण्यात पांघरूण हलणार नाही अशी नाव?"

"मग पेन्शन कशाची घेतोस रं?"

मी देवापुढे बसले आणि बाळ सुखरूप मळ्यावर जाईपर्यंत एक वस्तू सोडली. काय सोडलं ते बोलायचं नसतं, बोललं की नेमाचं पुण्य जातं असं माझी आई सांगायची.

*

पहिली नाव बघायला आम्ही महाबळेश्वरला गेलो. तळ्यावरची एक होडी विकायची आहे असं गणपाला कळलं होतं. मला क्षेत्राच्या देवळात, जिथे कृष्णामाई उगम पावते तिथे, सुमनसाठी ओटी ठेवायची होती, म्हणून मीही एसटीत बसले.

होडी दिसायला काय देखणी! पांढरा रंग, लाल किनार, बसायला गाद्या. गणपा तर बघूनच विरघळला. मालक म्हणाला, "एकदम स्टेबल आहे साहेब. हनिमूनची जोडपी बसतात हिच्यात."

ह्यांनी काठावर तळवा ठेवून नुसता भार दिला. होडी नवरीसारखी मान तिरकी करून बाजूला झाली!

"आमच्याकडं बसणारी जोडपी भांडत भांडत बसतात," हे म्हणाले. "चालायचं न्हाई."

परतताना गणपाने तोंड पाडलं होतं. पाचगणीच्या स्टँडवर त्याला स्ट्रॉबेरी घेऊन दिली, तेव्हा कुठे गडी बोलला, "सुभेदार, मानूस बुडायचाच आसंल, तर गादीवर बसून बुडलेला काय वाईट?"

*

दुसरी आली सांगलीहून. फायबरची, हलकी, मागे इंजिन. दुकानदार स्वतःच ट्रायल द्यायला घाटावर आला. उन्हाळी पावसाचा लोंढा नुकताच येऊन गेला होता, पाण्यातून उसाचा पाला, बाभळीचे काटे, काय काय वाहत होतं. सगळा गाव पायऱ्यांवर जमलेला.

इंजिन सुरू झालं, गणपाने कॉलर ताठ केली, आणि होडी अशी सुसाट सुटली की बायकांनी हात जोडले. मधोमध जाऊन घर्रर्र, फट्! पंख्यात पाला गुंतला. हलकी होडी, ती कसली एका जागी थांबते! वळचणीच्या पाण्यावर सुटलेल्या पत्रावळीसारखी फिरत फिरत निघाली. वल्ही घेतलीच नव्हती. शेवटी दुकानदार एका बाजूने आणि गणपा दुसऱ्या बाजूने नुसत्या हातांनी पाणी ओढत खालच्या अंगाच्या मळीच्या रानाला लागले.

दुकानदार चिखलातून चालत परत आला तो चिडलेलाच. "पाण्यात एवढा कचरा असतो हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं!"

हे शांतपणे म्हणाले, "मालक, पूर काय घर झाडूनलोटून निघतो व्हय?"

*

तोवर आक्कांचं मत ठरलं होतं. "नाव न्हाई, गीव न्हाई. आपली काहील बरी!"

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती अवाढव्य लोखंडी कढई. हंगाम संपला की ती पालथी पडलेली असते, आणि पूर आला की आमच्या भागातले लोक तिला सरळ पाण्यात लोटतात. आक्कांच्या काहिलीने दरसालच्या पुरात शेरडं, कोंबड्या, धान्याची पोती आणि एकदा तर पाहुण्यांचा अख्खा जावई काठाला आणला होता. बुडाली कधीच नाही. फक्त गोल असल्यामुळे ती सरळ जात नाही, गरगरत जाते.

"बसून तर बघ," आक्का म्हणाल्या. हे बसले. एका हातात काठी, पाठ ताठ, फौजी शिस्त. काहिलीने पहिली गिरकी घेतली, दुसरी घेतली. ह्यांचं तोंड कधी गावाकडे, कधी मळ्याकडे. घाटावरून गणपा ओरडला, "सुभेदार, चारी दिशांस्नी सलामी दिऊन टाका!"

उतरल्यावर हे मळ्याच्या बांधावर डोकं धरून बसले. आक्कांनी सगळ्यांना गूळपाणी दिलं. मी पाणी प्यायले आणि गुळाचा खडा हळूच पदराला बांधला. परतीच्या वाटेवर तो वासराला दिला.

"मग? कशी हाय काहील?" आक्कांनी विचारलं.

"बुडणार न्हाई आक्का," हे डोळे मिटूनच म्हणाले. "पण तुझी सून बाळंत व्हायच्या आधी ओकून अर्धी हुईल."

*

शेवटी नाव मिळाली ती खाली, कर्नाटकाच्या हद्दीवर. एक म्हातारा कानडी सुतार नावा बांधायचा. त्याने दाखवलेली नाव बघून गणपाने कपाळाला हात लावला. बसकी, रुंद बुडाची, काठ बाहेरच्या अंगाला पसरलेले, वरून खालपर्यंत डांबर फासलेलं.

म्हातारा हसत म्हणाला, "चंद इल्ला साहेब. पन गट्टी हाय, गट्टी!" म्हणजे रूप नाही, पण घट्ट आहे. ह्यांना हेच पाहिजे होतं. हे नेहमी म्हणायचे, नाव पाण्यात दिसते कशी ते बघू नये, बसते कशी ते बघावं.

तरी नुसत्या बोलण्यावर नाव घेतील तर ते सुभेदार कसले! ती घाटावर आणून बांधली आणि हे आमच्या भजनी मंडळापुढे येऊन उभे राहिले. "बायांनो, सगळ्यांनी नावेत बसायचं. आणि सगळ्यांनी एकाच बाजूला."

"आम्हीच का?" मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

ह्यांच्या तोंडून खरं कारण निघणार, एवढ्यात मीच म्हटलं, "बायकांच्या पायगुणानं नाव तरते म्हणे!" आणि माझ्याच मागोमाग सगळ्या चढल्या. अंगापिंडाने आम्ही कोणीच कमी नव्हतो. नाव कलली, वीतभर काठ पाण्यावर ठेवून थांबली. ह्यांनी सांगितलं, आरती म्हणा. आता आधी गणपतीची की आधी कृष्णामाईची, ह्यावर तिथेच वाद पेटला! एक उठली, दुसरीने तिला ओढून बसवलं, टाळ पाण्यात पडला, तो धरायला तिघी वाकल्या.

नाव जागची ढिम्म हलली नाही.

"पास!" हे काठावरून ओरडले. "हे भांडण सोसलं, आता हिला कृष्णेचा पूर काय करतोय!"

मधल्या फळ्या काढून बाजही ठेवून बघितली. चपखल बसली. गणपाने काळ्या काठावर थाप मारली, "म्हैस हाय म्हैस! पान्यात बसली की उठायची न्हाई." तेच नाव पडलं.

सगळ्या गावाला पसंत पडली. आक्कांना सोडून. "नवी हाय आजून," एवढंच म्हणाल्या. "काहिलीला मी तीस वर्सं बघतीय."

*

आषाढात नववा लागला आणि दुसऱ्याच दिवशी रेडिओवर धरणाचं पाणी सोडल्याचं सांगितलं. सकाळी बघते तर घाटावरचा नंदी गळ्यापर्यंत पाण्यात. पाण्याला लाटा नव्हत्या, नुसते भोवरे आणि ओढ. झाडंच्या झाडं वाहत होती. हे, गणपा आणि सुमनचा नवरा म्हैस घेऊन पलीकडे गेले. आम्ही मंडळाच्या सगळ्या जणी पावसात घाटावर. मी हळदीकुंकवाचं ताट छत्रीखाली धरून उभी, तोंडाने नाम चालूच.

बऱ्याच वेळाने पलीकडून म्हैस सुटली. मध्ये बाज, बाजेवर ताडपत्री, ताडपत्रीखाली सुमन. हे पुढे, दोघे वल्ह्यांवर. ओंडका आला की नाव थोडी डुलायची, आणि पुन्हा आपल्या चालीने पुढे. पांघरूण हललं की नाही ते एवढ्या लांबून कसं दिसणार? पण नावेचा काठ पाण्याच्या वर होता, तेवढा आम्ही डोळ्यांत धरून ठेवला होता.

तेवढ्यात अध्यक्षीणबाईंनी माझं कोपर दाबलं. "इंदूताई, मागं काय हाय ते?"

म्हशीच्या मागे लांब दोर होता. दोराच्या टोकाला काहील. आणि काहिलीत, गरगर फिरत, एकट्या आक्का! मांडी घातलेली, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, मांडीवर गाठोड्याएवढी आणखी एका दोराची गुंडाळी. एकदा तोंड आमच्याकडे, एकदा मळ्याकडे. पण प्रत्येक गिरकीला म्हैस समोर आली की मान तिथेच रोखून धरायच्या, आणि अंग फिरून जाईस्तोवर डोळे बाजेवरच.

हे ओरडत होते, "आक्का, नावंत ये! जागा हाय!"

"तुज्या नावंवर माझं वजन नगं!" काहिलीतून आवाज आला. "ती बुडाली तर सूनंला ओढून घ्याला कुनीतरी तरंगत पायजे का न्हाई?"

काठाला लागल्यावर सुमन ताडपत्रीतून हसली. तिला तशीच बाजेसकट डांबरी रस्त्यावरच्या गाडीपर्यंत उचलून नेलं. आक्कांना मी हात दिला, तर त्या माझा हात सोडून भलत्याच दिशेला चालायला लागल्या. दोघींनी धरून पायरीवर बसवलं. डोळे मिटलेलेच. त्यांनी विचारलं, "पांघरूण हललं का गं?"

*

आठवड्याने सांगलीच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघीही सुखरूप. सव्वा महिना सुमन आणि बाळ आमच्याच घरी होती, आक्कांच्या मळ्यावरून खेपा चालूच. भाद्रपदात मायलेकी घरी निघाल्या. नदी अजून भरलेली, पण आता नीट वागत होती.

घाटावर गणपाने शहाणपणा करून ठेवला होता. म्हशीच्या मागे दोर, दोराला काहील बांधून तयार. "आक्का, तुमची गाडी जोडलीया!"

आक्का बाळाला उराशी धरून म्हशीत चढल्या, मधोमध जाऊन ऐसपैस बसल्या. मी ओटीचं ताट घेऊन पायरीवर उभी. बाळाला आक्कांनी माझ्याकडे केलं आणि मी ताट खाली ठेवून घेतलं. ते कोमट वजन दोन्ही हातांवर आलं.

आक्का माझ्याकडे बघत होत्या. मग मान मागे वळवून त्यांनी गणपाला हाक मारली.

"सोड रं तो दोर. काहील घासून गुऱ्हाळात लाव. औंदा पयली ढेप इंदूची. गेल्या कार्तिकापास्नं खाल्ला न्हाई गूळ हिनं."

मी कुणालाच सांगितलं नव्हतं.