हिरड्यांवरची निळी रेघ

डॉक्टर पेठ्यांनी मला इस्पितळाच्या खिडकीशी बसवलं, माझा खालचा ओठ अंगठ्याने ओढून धरला आणि दाढी करायचा छोटा आरसा माझ्यापुढे केला.

"काय दिसतं?"

मला माझे दात दिसले. विडा खाऊन खाऊन लाल झालेले, आणि तीन दिवस राखुंडीने घासून थोडेसे उजळलेले.

"दात नव्हे. दाताच्या मुळाशी बघा."

हिरडीच्या अगदी काठाला, बारीक निबाने शाई ओढावी तशी एक निळसर काळी रेघ होती. एका दातापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली.

"हे शिसं आहे," डॉक्टर म्हणाले. "लेड पॉयझनिंग. म्हणजे शिशाची विषबाधा. तुमच्या पोटात कळा येतात त्या यानेच, आणि हात पडलाय तोही यानेच. अपेंडिक्सला काही झालेलं नाही. उद्याचं ऑपरेशन होणार नाही."

"पण मी जन्मात कधी शिसं खाल्लं नाही, डॉक्टर."

"रोज खाता. इतकंच की कोणी तुम्हाला सांगितलेलं नाही."

मी विश्राम सुर्वे. रत्नागिरीच्या एका छापखान्यात अकरा वर्षं जुळारी होतो. जुळारी म्हणजे खिळे जुळवणारा, एकेक अक्षर पेटीतून उचलून ओळ उभी करणारा. ते खिळे शिशाचे असतात हे मला ठाऊक होतं. पण शिसं माणसाच्या अंगात जातं हे ठाऊक नव्हतं. जे माझ्यासारखे खिळ्यांत हात घालतात, होड्यांना शिशाचा सफेदा फासतात किंवा भांड्यांना डाग देण्यासाठी शिसं वितळवतात, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे.

सुरुवात पावसाळ्यात झाली. तोंडाला सारखी गोडसर, पैसा चोखल्यासारखी चव यायची. सुभद्रेने, म्हणजे माझ्या बायकोने, आमटीत मीठ जास्त घालून पाहिलं, कोकम घालून पाहिलं, चव काही जाईना. मग शौचाला होईनासं झालं. चार चार दिवस. घरापासून छापखान्यापर्यंतची चढण मी आधी गुणगुणत चढायचो, ती चढताना दोन ठिकाणी टेकायला लागलो. चेहरा पिवळट झाला.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात पहिली कळ आली. बेंबीच्या भोवती कोणी ओलं फडकं पिळावं तसं आतडं पिळायचं. गंमत अशी की पोट दाबलं की बरं वाटायचं. मी उशी पोटाशी घेऊन पालथा पडून राहायचो. वैद्यबुवांनी एरंडेल दिलं, ओवा दिला. एरंडेलाने एक दिवस बरा गेला.

माझी आई संगमेश्वराकडच्या आमच्या गावाहून आली होती. ती म्हणाली, "घरात काही तरी चुकतंय. आधी पोरं टिकत नाहीत, आता माझ्या मुलाला धरलंन." हे ती माझ्याकडे बघून म्हणाली, पण ऐकवायचं होतं ते सुभद्रेला. सुभद्रेला दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्याच्या आत गेले होते. ती चुलीशी बसून होती. लाकडं आत सारत राहिली. मी आईला अडवलं नाही, आणि ते मला अजून लागतं.

मग हात गेला. एका सकाळी मी जुळवलेला मजकूर उचलायला गेलो आणि उजवं मनगट खालीच पडून राहिलं. बोटं मिटत होती, पण हात मनगटातून वर उचलेना. मजकुराचा अख्खा साचा जमिनीवर गेला, सगळे खिळे विखुरले. मालक आबासाहेब ओरडत बाहेर आले. माझा लोंबता हात पाहिला आणि जागीच थांबले. आम्हा दोघांनाही एकाच माणसाची आठवण झाली असणार. केशवकाका नावाचा आमचा जुना जुळारी असाच हात लोंबत गावी गेला आणि पुढच्या शिमग्याच्या आत वारला. सगळे म्हणायचे, त्याला वारं लागलं.

मी घरी आल्यावर सुभद्रेने हात पाहिला आणि डोक्यावरून पदर घेतला. "चला. आता वैद्य नाय नि देवाचा कौल नाय. इस्पितळात चला."

इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी पोट तपासलं आणि अपेंडिक्स ठरवलं. तीन दिवस लक्ष ठेवायचं, मग कापायचं. वेदना पाहता कोणालाही तसंच वाटलं असतं. पण त्यांच्या हाताखाली मुंबईहून शिकून नुकते आलेले पेठे डॉक्टर होते. त्यांनी माझ्या खाटेशी बसून पहिला प्रश्न विचारला तो पोटाचा नव्हता.

"तुम्ही काम काय करता?"

मी सांगितलं. त्यांनी माझा लोंबता हात उलटापालटा केला आणि म्हणाले, "विडा बंद. दात रोज दोनदा राखुंडीने घासायचे. मला तुमच्या हिरड्या बघायच्या आहेत." मला वाटलं, पोटात दुखतंय आणि हा गृहस्थ दात बघतोय. पण तिसऱ्या दिवशी विड्याचा रंग उतरला आणि खालून ती रेघ निघाली.

त्याच दिवशी त्यांनी बोटातून रक्ताचा थेंब घेतला, काचेवर पसरला, निळ्या रंगाने रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मोठ्या डॉक्टरांना दाखवला. मग मलाही बोलावलं. मी डोळा लावला. फिकट गोल चकत्या होत्या, आणि त्यांतल्या काहींवर निळे बारीक ठिपके. "बेसोफिलिक स्टिपलिंग म्हणतात याला. तांबड्या पेशीवर पडलेले ठिपके. शिशात काम करणाऱ्यांच्या रक्तात हे पुष्कळदा दिसतात." मोठे डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "पेठे, तुमचं बरोबर आहे. रोगी तुमचा." मोठ्या माणसाने इतक्या सहज मागे सरावं हे मी पहिल्यांदा पाहिलं. लघवीची बाटली तपासणीसाठी मुंबईला गेली. पावसाळ्यात बंद झालेल्या बोटी अजून सुरू झाल्या नव्हत्या, म्हणून ती मोटारीने घाटावरून गेली, आणि त्यात शिसं सापडल्याचं पत्र यायला महिना लागला.

औषधाचं त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. "शिसं शरीरात चुन्याच्या वाटेने चालतं. चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असला की शिसं रक्तातून निघून हाडांत जाऊन बसतं. तिथे ते निजून राहतं, त्रास देत नाही. हे परदेशातल्या नव्या संशोधनात निघालंय. मी मासिकात वाचलंय. रोग्यावर स्वतः मात्र पहिल्यांदाच करतोय."

सुभद्रेने विचारलं, "म्हणजे आमच्यावर करून बघताय?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "खोटं सांगणार नाही. पण यात कापाकापी नाही, आणि नाही लागू पडलं तरी अपाय नाही."

तिने माझ्या लोंबत्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "खरं सांगितलंत म्हणून करा."

शिरेतून कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, फार सावकाश. अंगभर ऊन ऊन लाट गेली, जिभेपासून तळपायापर्यंत. मी घाबरलो, तर डॉक्टर म्हणाले, असंच होतं. आणि मी तुम्हाला शपथेवर सांगतो, त्यांनी सुई काढून कापूस दाबला तोवर पोटातला पीळ सुटला होता. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी पाय लांब करून उताणा निजलो आणि झोपलो.

पुढे रोज शेर दीड शेर दूध. दुधाचा मला कंटाळा, तर डॉक्टरांनी नाचणीची भाकरी आणि बारीक सुकी मासळी काट्यांसकट चावून खायला सांगितली. विलायती औषधाच्या आशेने बसलेल्या मला हे जरा फिकं वाटलं. सुभद्रा म्हणाली, "चुन्याचंच काम आहे तर विड्यातला चुना काय वाईट होता?" डॉक्टर हसले. "चुना चांगला होता. तो लावणारं बोट वाईट होतं. खिळ्यांतून काढून थेट तोंडात जायचं ना?"

मी मान खाली घातली. नुसतं बोटच नाही, अडलेला खिळा मी कितीदा ओठांत धरायचो.

त्या संध्याकाळी मी जागा आहे हे सुभद्रेला ठाऊक नव्हतं. डॉक्टर खाटा बघत आले तेव्हा तिने हळूच विचारलं, "एक विचारू? ते घरी आले की कपडे मी झटकायची. सगळी काळी धूळ असायची. माझी दोन गेली, ती यानेच का?"

डॉक्टर खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. "यानेच गेली असं मला छातीठोक सांगता येणार नाही. पण शिशाच्या कामात असलेल्यांच्या घरी असं होतं, हे लिहून ठेवलेलं आहे. आणि बाई, एक मात्र नक्की सांगतो. तुमच्याकडून काही चुकलं असं म्हणायला कोणालाही आधार नाही."

ती रडली नाही. तिने माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं, एकदा, मग पुन्हा एकदा.

तीन आठवड्यांनी मला घरी सोडलं. हात तसाच होता. रिस्ट ड्रॉप, म्हणजे मनगट पडणं. डॉक्टरांनी सुताराकडून एक फळी करून घेतली आणि हात मनगटातून वर राहील असा तिच्यावर बांधला. सुभद्रा दिवसातून दोनदा ती सोडून खोबरेल लावी आणि एकेक बोट वाकवून सरळ करी.

दरम्यान डॉक्टर आपणहून छापखान्यात गेले. मी फळी बांधलेला हात घेऊन सोबत होतो. आबासाहेब तापले. "माझे वडील इथे शिसं वितळवायचे. मी वितळवतो. तीस वर्षांत कोणाला काही झालं नाही."

"केशवकाकाला झालं," मी म्हणालो. मालकापुढे इतकं बोललेलो मी कधीच नव्हतो.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. शिसं वितळवायची भट्टी पाहिली. पावसामुळे ती आतल्या खोलीत आणली होती, दारं खिडक्या बंद. खिळ्यांच्या पेट्यांतली धूळ आम्ही भात्याने फुंकून उडवायचो, तो भाता पाहिला. पेट्यांवर ठेवलेले जेवणाचे डबे पाहिले. मग कामावरच्या तिघांना एकेक करून उजेडात उभं केलं आणि ओठ ओढून बघितलं. तिघांतल्या एकाच्या हिरडीवर रेघ होती, फिकट.

ते जायला निघाले तेव्हा आबासाहेब दारात आडवे आले. आवाज एकदम उतरला होता. "माझं पण बघा. मला दीड वर्षं पोट साफ होत नाही. मी म्हटलं, वय झालं."

रेघ होती. माझ्यापेक्षा गडद.

त्यानंतर कोणाला काही सांगावं लागलं नाही. भट्टी परसात गेली, वर माडाच्या झापांचं छप्पर घातलं. भाता चुलीत गेला. पेट्या ओल्या फडक्याने पुसायच्या, जेवण ओसरीवर, जेवणाआधी साबण आणि नखं घासायला काथ्याचा कुंचा, आणि कामाचे कपडे तिथेच खुंटीला. आबासाहेब दुपारी नाचणीची भाकरी खाऊ लागले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शिशाबद्दल असं सांगू लागले की जणू शोध त्यांनीच लावलाय. आम्हाला त्याचा राग आला नाही.

माझ्या हाताला आठ महिने लागले. एका सकाळी विहिरीवर फळी सोडून हात धूत होतो, तर अंगावर बसलेली माशी मी त्याच हाताने उडवली. क्षणभर मला कळलंच नाही की काय झालं. मग पुन्हा मनगट उचललं. थरथरत, पण उचललं. मी "सुभद्रे" अशी हाक मारली ती शेजारच्या वाडीपर्यंत गेली असणार.

पहिल्यासारखं बळ मात्र आलं नाही. पुन्हा खिळ्यांत बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंच होतं. आबासाहेबांनी मला मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासायला बसवलं. अकरा वर्षं मी अक्षरं उलटी वाचली, एकेक सुटी. आता सबंध वाक्यं सुलट वाचतो. काम आवडतं. पेठे डॉक्टरांची बदली झाली. जाण्यापूर्वी त्यांनी माझ्या दुखण्याची हकीगत एका वैद्यकीय मासिकाला लिहून पाठवली आणि मला वाचून दाखवली. त्यात माझं नाव नव्हतं, माझा धंदा होता. ते म्हणाले, "पुढच्या डॉक्टरला तेवढंच उपयोगी पडेल." तेव्हा तुम्हीही डॉक्टरकडे गेलात आणि त्यांनी विचारलं नाही, तरी आपला धंदा सांगा. मी त्या एका प्रश्नामुळे आज हे लिहितो आहे.

दुसऱ्या वर्षी सुभद्रेला दिवस राहिले. चौथा महिना सरला, पाचवा सरला. सातव्यात आई गावाहून आली. डॉक्टर सुभद्रेला काय म्हणाले होते ते मी तिला सांगितलं, आणि तिने सुभद्रेला घागर उचलू दिली नाही. मुलगी झाली, चांगली रडकी, काळ्याभोर केसांची.

बारशाच्या दिवशी बायका निघून गेल्यावर आई पाळण्याशी बसून होती. सुभद्रा भांडी आवरत होती. आईने तिला हाक मारली, शेजारी बसवलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तुला मी फार बोलले गो," ती म्हणाली. "तुझं काय पण नव्हतं त्यात."

सुभद्रेने पाळण्याची दोरी तिच्या हातात दिली. "तुम्ही झुलवा. मला जरा पडू दे," असं म्हणाली आणि तिथेच, आईच्या मांडीशी, आडवी झाली.